न आलेल्या मेसेजची जबाबदारी

चि. ओंकार,


हिंजवडीतल्या नोकरीची बातमी दादाने सांगितली आणि परवा तुझाही मेसेज आला. वाहनांच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या टीममध्ये तुला घेतलं आहे, कॅन कम्युनिकेशनचं एक मॉड्यूल तुझ्याकडे आलं आहे. तू विचारलं आहेस, ‘मेसेज येतो, मी तो उलगडतो, आकडा पुढे देतो. आत्या, यात इतकी वर्षं शिकण्यासारखं काय होतं?’ प्रश्न मनापासून विचारला आहेस, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते. हे फोनवर सांगून भागणार नाही.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आलेला मेसेज वाचणं हा या कामाचा सोपा भाग आहे. मेसेज आलाच नाही, उशिरा आला किंवा वेळेवर येऊनही शिळा निघाला, तर गाडीने काय करायचं हे ठरवणं, तसा कोड लिहिणं आणि तो गाडीवर सिद्ध करणं हा आपला खरा पेशा आहे. बाकी सगळं पत्र याच वाक्याचा विस्तार आहे.

थोडी पूर्वपीठिका लागेल. गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिरू लागलं तेव्हा ज्याला जी माहिती हवी त्याच्यापर्यंत वेगळी वायर ओढावी लागे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक असे कंट्रोलर वाढत गेले तसा वायरींचा हार्नेस जाड आणि जड होत गेला. शिवाय प्रत्येक जोड म्हणजे बिघाडाची एक नवी जागा. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या अधिवेशनात कॅन, म्हणजे कंट्रोलर एरिया नेटवर्क, जाहीर केलं. पुढच्याच वर्षी इंटेलची पहिली कॅन चिप आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये कॅन रस्त्यावर उतरलं आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यानंतर लिन आलं, फ्लेक्सरे आलं, २०१२ मध्ये कॅन एफडी आलं, आता इथरनेटही गाडीत शिरलं आहे. तरी चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या कारपासून बीएस-६ इंजिनाच्या बसपर्यंत, कण्याचं काम अजून कॅनच करतं.

कॅनच्या दोन पिळलेल्या वायरी एकदा नीट पाहून घे. बस, म्हणजे या वायरींवरचा सगळ्यांचा सामायिक मार्ग, शांत असते तेव्हा कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. कुणी ० हा बिट पाठवला की हाय ३.५ च्या आसपास चढते आणि लो १.५ च्या आसपास उतरते. घेणारा फक्त दोघींमधला फरक मोजतो. त्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच चढला तरी फरक बदलत नाही. वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावलास तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर सुटली आहे. हे हार्डवेअरवाल्यांचं काम आहे असं समजू नकोस. कोडमध्ये दोष शोधायला बसण्याआधी हे ६० ओहम बघून घ्यायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव.

आता या रचनेतलं खरं देखणेपण. बसवर एकाच वेळी दोघांनी बोलायला सुरुवात केली तर काय होतं? समज, एका कंट्रोलरच्या मेसेजचा आयडी हेक्समध्ये १०० आहे आणि दुसऱ्याचा १२०. आयडी ११ बिटांचा असतो आणि वरच्या बिटापासून पाठवला जातो. १०० म्हणजे ००१ ०००० ०००० आणि १२० म्हणजे ००१ ००१० ००००. पहिले पाच बिट दोघांचे सारखेच, तेव्हा दोघांनाही वाटतं की बसवर आपणच बोलतो आहोत. सहाव्या बिटाला पहिला ० पाठवतो आणि दुसरा १. बसवर ० नेहमी १ वर मात करतो. प्रत्येक जण बोलतानाच बसवर काय चाललं आहे तेही वाचत असतो. दुसऱ्याने १ पाठवला आणि त्याला ० वाचायला मिळाला, तेव्हा तो तिथेच थांबतो आणि पहिल्याचा मेसेज संपेपर्यंत ऐकत राहतो. टक्कर होत नाही, एकही बिट वाया जात नाही, पहिल्याला तर कुणी आडवं आलं होतं हेही कळत नाही. ५०० किलोबिटच्या बसवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे हा निकाल काही मायक्रोसेकंदांत लागतो.

पण यातच एक अट दडलेली आहे. सुरू झालेला मेसेज मध्येच तोडता येत नाही. आठ बाइटचा पूर्ण मेसेज त्याच वेगाने जायला मध्ये घातलेले जादाचे स्टफ बिट धरून जास्तीत जास्त २७० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या मेसेजलाही तेवढं थांबावं लागू शकतं आणि खालच्या प्राधान्याच्या मेसेजला त्याहून कितीतरी जास्त. आयडी वाटताना कुणी हलगर्जीपणा केला आणि बसवरची गर्दी वाढली, तर खालचे मेसेज पुन्हापुन्हा मागे पडतात. ते हरवत नाहीत, उशिरा येतात. आपल्या क्षेत्रात उशिरा आलेलं उत्तर चुकीचं उत्तर धरतात. १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १०० मिलिसेकंदांत २.८ मीटर पुढे गेलेली असते. मिलिसेकंदांकडे असं रस्त्यावरच्या मीटरांत बघायला शीक.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कॅनच्या मेसेजवर घेणाऱ्याचा पत्ता नसतो. आयडी सांगतो की आत काय आहे, आणि ज्याला गरज असेल तो ते उचलतो. मेसेजच्या शेवटी पोच मिळते, पण ती बसवरच्या कुणाही कंट्रोलरने दिलेली चालते. म्हणजे वेगाचा मेसेज पाठवणाऱ्या एबीएसच्या ईसीयूला, म्हणजे कंट्रोलरला, इतकंच कळतं की कुणीतरी ऐकलं. स्टिअरिंगच्या ईसीयूने ऐकलं की नाही हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून मेसेज आला नाही हे ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे घेणाऱ्यावर येते. ओंकार, तुझं मॉड्यूल घेणाऱ्याच्या बाजूचं आहे, तेव्हा ही जबाबदारी तुझी आहे.

आकडा उलगडण्याचं काम मी सोपं म्हटलं, पण तेही जपून कर. ट्रकमध्ये जे१९३९ हे मानक वापरतात. त्यात इंजिनाचा वेग दोन बाइटांत येतो, एका एककाला ०.१२५ आरपीएम आणि खालचा बाइट आधी. ८०० आरपीएम म्हणजे ६४००, बाइट ० आणि २५. बाइटांचा क्रम उलटा घेतलास तर २५ एकक होतात, म्हणजे इंजिन जेमतेम ३ आरपीएमवर! त्याच मानकात दोन्ही बाइट २५५ आले तर त्याचा अर्थ ‘ही माहिती माझ्याकडे नाही’ असा आहे. ते न तपासता गुणाकार केलास तर डॅशबोर्डवर ८१९१ आरपीएम उमटतील. पाठवणाऱ्याने प्रामाणिकपणे ‘मला माहीत नाही’ म्हटलं आणि घेणाऱ्याने त्याचा आकडा करून टाकला, असा हा प्रकार. मेसेजची रचना सांगणाऱ्या डीबीसी फाइलमधला गुणक वाचतोस तशीच त्या सिग्नलची वैध मर्यादाही वाच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गाडीच्या वेगाचा मेसेज बंद पडला आहे असं समज. तो घेणारे चौघे आहेत. क्रूझ कंट्रोलने लगेच बाजूला व्हावं आणि ड्रायव्हरला तसं कळवावं. स्पीडोमीटरने जुना आकडा धरून बसू नये. पॉवर स्टिअरिंग कमी वेगात हलकं आणि जास्त वेगात जड लागेल असं ठेवलेलं असतं. वेग कळत नसेल तर त्याने गाडी वेगात आहे असं धरून चालणं बरं, कारण पार्किंगमध्ये स्टिअरिंग थोडं जड लागलं तर हात दुखतील, पण एक्स्प्रेसवेवर ते एकदम हलकं झालं तर गाडी भरकटेल. आणि दरवाजाच्या कुलपाने, गाडी उभी आहे अशी खात्री नसताना, आपणहून उघडू नये. मेसेज एकच, तो न येण्याचं कारणही एकच, पण चौघांची योग्य उत्तरं वेगळी. अशा वेळी चौघांनाही ० पाठवून मोकळा होणारा कोड मी पाहिला आहे. ० म्हणजे माहिती नाही असा अर्थ होत नाही. गाडी उभी आहे अशी ती खोटी साक्ष होते, आणि त्या साक्षीवर विसंबून कुलूप उघडतं.

मेसेज किती वेळ आला नाही म्हणजे तो हरवला समजायचा, हा आकडाही मनाने टाकायचा नसतो. २० मिलिसेकंदांनी येणाऱ्या मेसेजच्या एका खाड्याने घाबरायचं कारण नाही, तसंच सेकंदभर वाट बघणंही परवडत नाही. बिघाड झाल्यापासून धोका प्रत्यक्ष उभा राहीपर्यंत किती अवधी आहे हे आधी काढतात. बिघाड ओळखणं आणि सुरक्षित स्थितीला जाणं, हे सगळं त्या अवधीत बसलं पाहिजे. आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आलं ते याच विचाराला शिस्त लावण्यासाठी. इजा किती गंभीर होऊ शकते, तशी परिस्थिती किती वेळा येते आणि ड्रायव्हरला गाडी सावरता येते का, या तीन प्रश्नांवरून ए ते डी अशी पातळी ठरते. ती कागदपत्रं पहिल्यांदा वाचताना कंटाळा येईल. पण प्रत्येक तक्त्यामागे रस्त्यावरचं कुणीतरी माणूस आहे हे धरून वाच, म्हणजे त्यातल्या एकेका ओळीचा अर्थ तुला लागू लागेल.

एक प्रसंग सांगते. चाचणीच्या एका प्रवासी बसमध्ये गाडी उभी असताना डॅशबोर्ड ४२ किलोमीटर वेग दाखवत होता. टाइमआउटची सोय होती, पण ती जागी झालीच नाही. आम्ही कॅनवरच्या मेसेजचा ट्रेस काढला. वेगाचा मेसेज अगदी नेमाने, ठरल्या वेळी येत होता. कॅनचा सीआरसी, म्हणजे चूक ओळखणारा कोड, बरोबर, लांबी बरोबर, आकडाही मर्यादेत. ट्रेस ओळीओळीने वाचत गेलो तेव्हा एकाच्या लक्षात आलं की मेसेजमधला क्रमाने वाढणारा काउंटर पुढे सरकत नाही. पलीकडच्या कॅन बसवर कनेक्टरची एक पिन सैल झाली होती, तिकडचा मूळ मेसेज थांबला होता, आणि दोन कॅन बसना जोडणारा मधला गेटवे आपल्या बफरमधला शेवटचा मेसेज इमानेइतबारे पुन्हापुन्हा पाठवत होता. म्हणजे मेसेज वेळेवर येत होता आणि तरी मेलेला होता. वायरवरचा सीआरसी फक्त वायरवरच्या प्रवासाची हमी देतो. पाठवणाऱ्याच्या मेमरीत आकडा बिघडला, टास्क अडकला किंवा गेटवेने जुनंच पुढे ढकललं, तर त्याला काही कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या मेसेजमध्ये वेगळा काउंटर आणि वेगळा सीआरसी घालतात, आणि ते शेवटी वापरणाऱ्यानेच तपासायचे असतात. ऑटोसार या वाहन सॉफ्टवेअरच्या मानकात त्याला एंड-टू-एंड प्रोटेक्शन म्हणतात.

हा काउंटर म्हणजे रात्रीच्या पहारेकऱ्याने तासातासाला दिलेला टोल. टोल ऐकू आला म्हणजे तो जागा आहे. पण टोल देण्याचं यंत्र बसवून पहारेकरी झोपी गेला, तर त्या टोलाला काय अर्थ? नवशिके इंजिनिअर नेमकं हेच करतात. अडकलेलं सॉफ्टवेअर रीसेट करणाऱ्या वॉचडॉगला टायमरच्या इंटरप्टमधून लाथ मारतात किंवा काउंटर ड्रायव्हरच्या थरात वाढवतात. मग वरचं सगळं काम अडकून पडलं तरी खालून ‘मी जिवंत आहे’ असा निरोप जात राहतो. ज्या टास्कने वेग मोजला, त्याचाच हात काउंटरला लागला पाहिजे.

कॅनने स्वतःच्या बिघाडाचाही विचार केला आहे आणि तो मला फार आवडतो. प्रत्येक कंट्रोलर आपल्या चुकांचा हिशेब ठेवतो. पाठवताना चूक झाली की आकडा ८ ने वाढतो, मेसेज नीट गेला की १ ने कमी होतो. तो २५५ च्या वर गेला की कंट्रोलर स्वतःला बसपासून तोडून घेतो. त्यालाच बस-ऑफ म्हणतात. एकाच्या बिघाडाने सगळ्यांचं बोलणं बंद पडू नये म्हणून बिघडलेल्याने गप्प बसायचं. परत कधी आणि किती वेळा बोलून पाहायचं, हे मात्र सॉफ्टवेअरने ठरवायचं असतं. सतत घाईने परत येणारा बिघडलेला ईसीयू सगळ्या बसला त्रास देतो, आणि कधीच परत न येणारा ईसीयू एका क्षणिक शॉर्टसाठी गाडी अडकवून ठेवतो. तुझ्या प्रकल्पात हे धोरण कुठे लिहिलं आहे ते शोध.

आणखी एक गैरसमज आताच काढून टाक. सुरक्षित स्थिती म्हणजे सगळं बंद करणं, असं पुष्कळांना वाटतं. खंबाटकी घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकचं इंजिन एका सेन्सरच्या संशयावरून बंद केलंस, तर मागच्या गाड्यांचं काय होईल याचा विचार कर. म्हणून इंजिनाला कमी ताकदीवर चालू ठेवणारा लिंप मोड असतो, ड्रायव्हरला कडेला पोचता यावं यासाठी. एबीएसमध्ये बिघाड आला तर तो दिवा लावून बाजूला होतो आणि साधा ब्रेक तसाच लागत राहतो. प्रत्येक यंत्रणेची सुरक्षित स्थिती वेगळी असते आणि ती रस्ता, भार आणि माणूस पाहून ठरवावी लागते. यासाठी खुर्चीतून उठ. चाचणीच्या ट्रॅकवर जा, टेस्ट ड्रायव्हरशेजारी बस, त्याला काय जाणवतं ते विचार. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, नगरजवळ संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणला वाहनांचे कारखाने आहेत. गाडी समजून घ्यायला इतकी माणसं इतक्या जवळ असणं हे भाग्य आहे, त्याचा उपयोग करून घे.

गॅरेजमधल्या मेकॅनिकलाही विसरू नकोस. तुझा टाइमआउट झाला की एक फॉल्ट कोड साठतो. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला. हायवेवरच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कुणीतरी तो वाचणार आणि त्यावर विश्वास ठेवून गिऱ्हाइकाला खर्च सांगणार. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि काही ईसीयू रीसेट होतात. त्या क्षणी मेसेज बंद होणं स्वाभाविक आहे. तेवढ्यापुरती देखरेख थांबवली नाहीस तर थंडीतल्या प्रत्येक सकाळी खोटा कोड साठेल आणि कुणाचा तरी चांगला ईसीयू बदलला जाईल. खोटी तक्रार ही न केलेल्या तक्रारीइतकीच घातक असते, कारण हळूहळू लोक खऱ्या तक्रारीवरही विश्वास ठेवेनासे होतात.

सुरक्षेची दुसरी बाजूही तुझ्या पिढीवर आली आहे. मूळ कॅनमध्ये मेसेज कुणी पाठवला हे सिद्ध करायची सोयच नाही, कारण १९८६ मध्ये गाडी इंटरनेटला जोडलेली नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक या दोघांनी धावत्या जीप चेरोकीमध्ये मोबाइल नेटवर्कवरून शिरून तिचं नियंत्रण घेता येतं हे दाखवलं आणि सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हापासून गेटवेवर कडक गाळणी, मेसेजची सत्यता पटवणारे कोड, सही केलेलं सॉफ्टवेअरच फ्लॅश होऊ देणं, हे सगळं रुळलं. पण मूळ प्रश्न तोच आहे: आलेल्या मेसेजवर मी का विश्वास ठेवू? हा प्रश्न तुझ्या कोडने प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

सी भाषा जुनी आहे, मिस्रा सीचे नियम जाचक आहेत, मित्र वेगवेगळ्या चकचकीत गोष्टींवर काम करतात, असंही तुला कधी वाटेल. त्या वेळी एवढं आठव की १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटरसायकलींवरही ईसीयू आला. दूध घालायला जाणारा, कॉलेजला जाणारी, रात्रपाळीवरून घरी येणारा, हे सगळे कुणीतरी लिहिलेल्या कोडवर विसंबून रस्त्यावर असतात. त्यांनी त्या कोडचं नावही ऐकलेलं नसतं. हे काम मोठं आहे असं मी म्हणते ते यासाठी.

आता एक काम सांगते, ते याच आठवड्यात कर. तुझ्या मॉड्यूलमध्ये येणाऱ्या प्रत्येक मेसेजची यादी कर. प्रत्येकासमोर चार उत्तरं लिही: किती वेळ वाट पाहायची, शिळा आहे हे कसं ओळखायचं, त्याच्याऐवजी काय वापरायचं आणि ड्रायव्हरला काय कळवायचं. मग बेंचवर एकेक कनेक्टर खरोखर ओढून काढ आणि लिहिल्याप्रमाणे घडतं का ते डोळ्यांनी बघ. ज्या ओळीसमोर उत्तर सापडणार नाही ती घेऊन सीनिअरकडे जा, आणि उत्तर मिळेपर्यंत तो कोड गाडीत जाऊ देऊ नकोस. तारखा जवळ आल्या म्हणून घाई करणारे भेटतील, त्यांच्याशी शांतपणे पण ठामपणे बोल.

यादी झाली की मला पाठव, आपण ती एकत्र वाचू.

तुझी,
आत्या